इंटेल मागे पडली, पण नेमकी कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी दहा वर्षांपूर्वी बुडायला टेकलेली एएमडी इंटेलच्या पुढे गेलीच कशी, इंटेलचे इंजिनिअर तेव्हा झोपले होते का, आणि ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने आता इंटेल संपली असं धरून चालावं का.

झोपलं कोणीच नव्हतं. मी बावीस वर्षं चिपच्या व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे डिझाइन बरोबर चालतंय का हे तपासण्याच्या कामात, आहे आणि या दोन्ही कंपन्यांतून आलेल्या माणसांबरोबर काम केलंय. हुशारी दोन्हीकडे सारखीच, रात्रीची जागरणंही सारखीच. फरक पडतो तो निर्णयांमुळे, आणि आमच्या धंद्यात निर्णयाचं फळ चार-पाच वर्षांनी हाती येतं. आज दुकानात मिळणाऱ्या प्रोसेसरचा आराखडा चार वर्षांपूर्वी ठरलेला असतो. म्हणून बातम्यांमध्ये दिसणारी हार-जीत ही शिळी असते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हा उशीर कसा असतो ते एका प्रसंगातून सांगतो. आमच्या लॅबमध्ये एकदा नवी चिप आली. टेपआउट होऊन, म्हणजे पूर्ण झालेलं डिझाइन मास्क (छापायचे साचे) बनवायला फॅबकडे, चिप छापणाऱ्या कारखान्याकडे, पाठवून, साडेतीन महिने झाले होते. पहिल्याच दिवशी लिनक्स बूट झालं, पेढे वाटले. चौथ्या रात्री एक बोर्ड गोठला. मग रोजच कुठला ना कुठला बोर्ड गोठायला लागला, सात-आठ तासांतून एकदा, आणि तोही गरम असतानाच. तीन आठवडे आम्ही त्याच्या मागे होतो. बोर्डावर हेअर ड्रायर धरून तो मुद्दाम गरम करायचा, गोठला की आतली स्थिती वाचून घ्यायची, परत सुरू करायचा. शेवटी सापडलं: वेगवेगळ्या क्लॉकवर, म्हणजे वेगवेगळ्या ठेक्यावर, चालणाऱ्या दोन भागांच्या सीमेवर एका सिग्नलला सिंक्रोनायझर, म्हणजे त्याला दुसऱ्या ठेक्यावर आणणारे फ्लॉप, लावायचा राहून गेला होता. कोडमध्ये दोन ओळींची दुरुस्ती. पण त्या दोन ओळी सिलिकॉनवर आणायच्या म्हणजे नवे मास्क आणि पुन्हा फॅबची फेरी. डिझाइनमध्ये काही सुटे गेट आधीच पेरून ठेवलेले असतात, ते कामी आले आणि फक्त वरचे धातूचे थर बदलून भागलं. तरी दीड महिना गेला. एका राहून गेलेल्या फ्लॉपची ही किंमत. मग संपूर्ण निर्मिती-प्रक्रियेबद्दलचाच अंदाज चुकला तर काय होत असेल, याची कल्पना करा. इंटेलचं नेमकं तेच झालं.

पण त्याआधी एएमडी तोवर जिवंत कशी राहिली हे बघायला हवं. ते नुसत्या कर्तबगारीने झालेलं नाही.

रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून १९६८ साली इंटेल काढली. वर्षभरात त्याच फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्या जेरी सँडर्स यांनी आणखी काही जणांना घेऊन एएमडी काढली. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला तेव्हा अट घातली की हा माल पुरवणारी दुसरी कंपनीही हवी. एकाच पुरवठादाराच्या फॅबमध्ये काही बिघडलं तर आपला धंदा बंद पडू नये, इतका साधा हिशेब. ती दुसरी कंपनी म्हणून एएमडी आत आली. १९८२ साली दोघींमध्ये तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. म्हणजे इंटेलच्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याला बाजारात जागा मिळाली ती इंटेलच्याच गिऱ्हाइकाच्या आग्रहामुळे.

१९८५ साली ३८६ आला आणि इंटेलने तो कोणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. एएमडी लवादाकडे गेली. तो वाद १९९५ च्या तडजोडीपर्यंत चालला. मधल्या काळात एएमडीने स्वतःचा ३८६ बनवून १९९१ साली बाजारात आणला, आणि इंटेलचा ३३ मेगाहर्ट्झला थांबला होता तिथे यांनी ४० मेगाहर्ट्झचा दिला. आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही असं कोर्टात ठरल्यावर इंटेलने पुढच्या पिढीला ५८६ न म्हणता पेंटियम हे नाव दिलं. विनोद धाम यांना पेंटियमचे जनक म्हणतात. त्यांचा जन्म पुण्यातला, हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं. तेच धाम पुढे इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या प्रोसेसर कंपनीत गेले, नेक्सजेन एएमडीने विकत घेतली, आणि तिथल्या डिझाइनमधून पेंटियमशी टक्कर देणारा के६ उभा राहिला. कंपन्यांमध्ये भांडण असलं तरी माणसं आणि कल्पना इकडून तिकडे जातच असतात.

एएमडी खरोखर पुढे गेली अशी पहिली वेळ २०१७ ची, म्हणजे तिच्या रायझेन प्रोसेसरची, नव्हे. १९९९ च्या अ‍ॅथलॉनपासून ती बरोबरीला आली. मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तिने इंटेलच्या दोन दिवस आधी जाहीर केला. पण त्याहून फार मोठी गोष्ट २००३ ची आहे. ६४-बिटच्या जगात जायचं तर जुनं सगळं मागे टाकून नवा सूचनासंच (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) आणायचा, असं इंटेल आणि एचपी यांनी ठरवलं होतं, आणि त्यातून इटॅनियम आला. एएमडीने उलट केलं. लोकांकडे असलेलं ३२-बिटचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं चालू दे आणि त्यावर ६४-बिट चढवू, असं ठरवून ऑप्टेरॉन हा सर्व्हर प्रोसेसर आणला. गिऱ्हाइकांनी एएमडीचा मार्ग उचलला आणि २००४ साली इंटेलला तोच संच स्वीकारावा लागला. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर असला तरी उबुंटू उतरवताना फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ असं दिसतं, ते यामुळे. आज दोघींपैकी कोणालाही दुसरीच्या पेटंटशिवाय प्रोसेसर बनवता येत नाही. म्हणूनच त्यांच्यात कायम एकमेकींना परवाना देणारा करार असतो.

मग त्या वेळी एएमडीने बाजार का नाही घेतला? दोन कारणं. एक, इंटेल मोठ्या संगणक कंपन्यांना सवलती देत होती आणि त्यामागे एएमडीचा माल न घेण्याच्या किंवा मोजकाच घेण्याच्या अटी होत्या, असा आरोप. २००५ साली एएमडीने दावा लावला. २००९ साली युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला, आणि त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला. युरोपातला दंड २०२२ साली कोर्टात रद्द झाला आणि पुढच्या वर्षी आयोगाने ३७.६ कोटी युरोंचा नव्याने लावला. कायद्याचा कीस काढायची माझी पात्रता नाही. पण त्या काळात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ऑप्टेरॉन सरस असूनही डेलच्या सर्व्हरमध्ये तो २००६ पर्यंत दिसला नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: एएमडीकडे माल होताच किती! तिची सगळी मदार ड्रेस्डेनच्या फॅबवर. सगळ्या जगाने उद्या एएमडी मागितली असती तर देता आली नसती. आमच्या धंद्यात चांगलं डिझाइन ही अर्धी गोष्ट. ते लाखांच्या संख्येने, परवडेल अशा यील्डने, म्हणजे पुरेसे तुकडे निर्दोष निघतील असं, छापून देता येणं ही दुसरी.

२००६ साली इंटेलने पेंटियम ४ चा मार्ग सोडून कोअर २ आणला आणि एएमडी मागे पडली. त्याच वर्षी तिने एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी घेण्यासाठी ५४० कोटी डॉलर मोजले होते, त्यातले बरेच कर्ज काढून. २०११ चा बुलडोझर तर फसलाच. दोन-दोन कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांना) एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट, म्हणजे दशांश गणितं करणारा भाग, वाटून दिलं, एका कोअरचा स्वतःचा वेग कमी राहिला, आणि सॉफ्टवेअर तेवढ्या कोअरमध्ये वाटलं जाईल हा अंदाज चुकला. हाही चार-पाच वर्षांपूर्वीचाच निर्णय. २०१५ साली एएमडीचा शेअर दोन डॉलरच्या खाली होता. ऑस्टिनची इमारत विकून त्यातच भाड्याने राहायची वेळ आली होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनच्या चिप्स एएमडीच्या होत्या, त्यांनी त्या काळात कंपनी तगवली.

पण याच वाईट काळात एएमडीने दोन गोष्टी केल्या. पहिली मनाविरुद्ध, पैसे नव्हते म्हणून: २००९ साली फॅब वेगळ्या काढल्या, अबू धाबीच्या पैशावर ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. ज्या सँडर्सनी खऱ्या मर्दाकडे स्वतःची फॅब असते असं म्हणत आयुष्य काढलं, त्यांच्याच कंपनीकडे फॅब उरली नाही. दुसरी गोष्ट ठरवून: २०१२ साली प्रोसेसर डिझाइनर जिम केलर एएमडीत परत आले, माइक क्लार्क यांच्या हाताखाली झेन या नव्या कोअरचं काम सुरू झालं, आणि उद्दिष्ट एकच ठेवलं, दर क्लॉकला आधीपेक्षा ४० टक्के जास्त काम. २०१४ साली लिसा सू प्रमुख झाल्या आणि त्यांनी हे काम तोडलं नाही. पैशाची चणचण असताना तीन वर्षं काहीच दाखवता येत नाही अशा प्रकल्पाला हात न लावणं, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. मार्च २०१७ मध्ये झेनवरचा रायझेन आला तेव्हा वाढ ५२ टक्के निघाली.

आता इंटेलकडे वळू. १४ नॅनोमीटर या निर्मिती-प्रक्रियेचा माल (आकडा जितका लहान तितके ट्रान्झिस्टर दाट) २०१४ साली बाहेर पडला. पुढचा १० नॅनोमीटर २०१६ साली येणार होता. तो जरा बऱ्या संख्येने यायला २०१९ उजाडलं, आणि डेस्कटॉपवर यायला नोव्हेंबर २०२१. का?

चिपवरच्या रेषा प्रकाशाने छापतात. तेव्हाच्या यंत्रातला प्रकाश १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि छापायच्या रेषा त्याच्या कितीतरी बारीक. मग एकाच थरासाठी पुन्हापुन्हा प्रक्रिया करून रेषांची संख्या दुप्पट, चौपट करतात. छाप्याने रांगोळी काढताना एका रंगावर दुसरा छापा ठेवला आणि तो केसभर सरकला तर काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. इथे ती केसभर जागाही नसते. इंटेलने एकाच उडीत १४ च्या २.७ पट ट्रान्झिस्टर त्याच जागेत बसवायचे ठरवले. त्यासाठी रेषा चौपट करायची पद्धत, काही थरांत तांब्याऐवजी कोबाल्ट, गेटच्या थेट डोक्यावर जोडणी, असं सगळं नवं एकदम घेतलं. एका वेळी एक बदल केला तर चूक कुठे आहे ते सापडतं. चार एकदम केले तर यील्ड का पडतोय हे शोधण्यातच वर्षं जातात. ईयूव्हीचं, म्हणजे फार आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाने छापणारं, यंत्र तेव्हा तयार नव्हतं. ते लवकर व्हावं म्हणून २०१२ साली ते बनवणाऱ्या एएसएमएलमध्ये पैसे घालणाऱ्यांत इंटेलच होती, हे विशेष. दुसऱ्यांच्या चिप छापून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडेही ७ नॅनोमीटरच्या सुरुवातीला ईयूव्ही नव्हतं, पण त्यांनी रेषा थोड्या सैल ठेवल्या आणि २०१८ साली माल काढून दाखवला. आपण फार मोठी उडी घेतली, असं इंटेलने नंतर स्वतःच मान्य केलं.

इथे डिझाइनवाल्यांनी शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. इंटेलचं प्रत्येक डिझाइन आपल्याच फॅबच्या एका प्रक्रियेला घट्ट बांधलेलं असायचं. अनेक वर्षं हेच तिचं बळ होतं. पण १० अडकला तसे त्यासाठी बनवलेले कोअरही अडकले. २०१५ चा स्कायलेक कोअरच थोडाफार सजवून २०२० पर्यंत विकावा लागला. नवा कोअर अखेर मागे आणून १४ वर बसवला तो २०२१ साली. माणसं काम करत होती, डिझाइन तयार होत होती, ती छापायला जागा नव्हती. आपण केलेलं डिझाइन कपाटात पडून राहणं ही काय यातना असते ते तिथून आलेल्या मित्रांकडून मी ऐकलंय.

एएमडीला तोवर हे बंधन राहिलं नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचं काम थांबवलं आणि एएमडी मोकळेपणाने टीएसएमसीकडे गेली. त्यात चिपलेटची, म्हणजे लहान तुकडे जोडून प्रोसेसर बनवण्याची, भर. इंटेलचा २८ कोअरचा सर्व्हर प्रोसेसर म्हणजे जवळपास ७०० चौरस मिलिमीटरचा एकच तुकडा. एएमडीने २०१९ च्या रोम या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ७४ चौरस मिलिमीटरचे, प्रत्येकी ८ कोअरचे आठ तुकडे आणि मध्ये जुन्या, स्वस्त १४ नॅनोमीटरवरचा एक मोठा तुकडा अशी मांडणी केली. समजा, वेफरवर, म्हणजे चिप छापायच्या सिलिकॉनच्या चकतीवर, दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.२ दोष आहेत. घातांकाच्या नेहमीच्या सूत्राने ७ चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यांपैकी निर्दोष निघतात साधारण २५ टक्के, आणि ०.७४ च्या तुकड्यांपैकी ८६ टक्के. आकडे उदाहरणापुरते आहेत. शिवाय मोठ्या तुकड्यातले बिघडलेले कोअर बंद करून तो कमी किमतीला विकता येतो. तरी फरक केवढा आहे ते बघा. वर तोच लहान तुकडा डेस्कटॉपलाही चालतो. उत्तम निघाले ते सर्व्हरला, बाकीचे रायझेनला. एकाच मास्कच्या खर्चात दोन बाजार.

गिऱ्हाइकाला काय मिळालं हे विचाराल तर एकच बघा. साध्या डेस्कटॉपसाठी इंटेलचा माल २००७ पासून २०१७ पर्यंत ४ कोअरवर थांबला होता. ८ कोअर हवे तर हजार डॉलरच्या वर मोजा. रायझेनने ८ कोअर ४९९ डॉलरला दिले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलने ६ कोअर दिले, पुढच्या वर्षी ८. दहा वर्षं जे होत नव्हतं ते वर्ष-दीड वर्षात झालं. आणि एएमडीला साधू समजू नका. २०२० साली झेन ३ ने सर्व बाबतींत आघाडी घेतली, तशा तिनेही किमती ५० डॉलरने चढवल्या.

माझ्या मते मात्र इंटेलची सगळ्यात महागडी चूक २०१७ च्याही दहा वर्षं आधीची आहे. आयफोनसाठी चिप बनवायचं काम इंटेलकडे चालून आलं होतं. अपेक्षित खर्च आणि अ‍ॅपल देत असलेली किंमत यांचा मेळ बसेना म्हणून ते सोडलं, असं इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनीच २०१३ साली निवृत्त होताना सांगितलं. फॅब शिकते ती वेफर चालवून. प्रत्येक लॉट काही ना काही दोष दाखवून जातो. फोनचे कोट्यवधी प्रोसेसर टीएसएमसीकडे गेले आणि त्यांच्याबरोबर ते शिक्षणही गेलं. पुढे त्याच टीएसएमसीच्या जोरावर अ‍ॅपलने २०२० साली एम१ काढून मॅकमधून इंटेलला बाहेर केलं, आणि एएमडीही तिथूनच पुढे गेली.

आज परिस्थिती इतकी बदलली आहे की २०२४ च्या लुनार लेक या लॅपटॉप प्रोसेसरमधला मुख्य तुकडा इंटेलने टीएसएमसीकडून छापून घेतला. दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच फॅबच्या दारात रांगेत. आर्म या वेगळ्या सूचनासंचावर चालणाऱ्या प्रोसेसरचा धोका दोघींनाही सारखा, म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघींनी मिळून एक्स८६, म्हणजे दोघींचा सामायिक सूचनासंच, यासाठी सल्लागार गट काढला. ग्राफिक्स आणि एआयच्या बाजारात तर एनव्हिडियासमोर एएमडीची गत तीच आहे जी पूर्वी इंटेलसमोर होती. तिथे कुंपण सिलिकॉनचं कमी आणि ‘कुडा’ (CUDA) या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरचं जास्त आहे.

इंटेल संपली का? २०२४ साली तिला १,८८० कोटी डॉलरचा तोटा झाला, पंधरा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर झालं, प्रमुख पॅट गेल्सिंगर गेले. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या जागी लिप-बू टॅन आले, ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने ५०० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं. बुडणाऱ्या कंपनीत कोणी एवढं घालत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण सरकारची कारणं वेगळी असतात. तैवानबाहेर अशी फॅब हवी, हे त्यांचं कारण. आयबीएमला १९८१ साली दुसरा पुरवठादार हवा होता, आज अमेरिकेला हवा आहे. तेव्हा ती जागा एएमडीला मिळाली होती, आज इंटेलसाठी राखली जातेय.

तुम्हाला नोकरीच्या दृष्टीने विचारायचं असेल तर दोघींचीही मोठी डिझाइन केंद्रं बंगळुरूला आहेत आणि चांगल्या व्हेरिफिकेशन इंजिनिअरला कंपनीच्या नावावरून कोणी अडवत नाही. सिस्टिमव्हेरिलॉग (चिपचं वर्णन आणि तपासणी करायची भाषा) आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर पक्कं करा. क्लॉकच्या सीमा ओलांडणारे सिग्नल कसे हाताळायचे हे तर नक्कीच शिका, ते का ते वर आलंच आहे. आणि इंटेलचं पुढे काय होणार हे पाहायचं असेल तर बेंचमार्कचे तक्ते बघत बसू नका. तिच्या १८ए या नव्या आणि त्यापुढच्या निर्मिती-प्रक्रियेवर बाहेरचं एखादं मोठं गिऱ्हाइक आपली मुख्य चिप, नुसती चाचणीची नव्हे, छापून घ्यायला कधी देतं तेवढं बघा. ती ऑर्डर ज्या दिवशी जाहीर होईल त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तुम्ही कामाला लागलेले असाल, आणि तिचा निकाल तेव्हा तुमच्या समोरच्या बोर्डावर दिसेल.